टाकीवरून बोलणारा हिरालाल

आमच्या सिंदी रेल्वे गावातला हिरालाल म्हणजे पक्का घुम्या. लग्नाच्या पंगतीतही 'पुरे' यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. बायको गेल्यावर तर घरात बोलायला कोणी उरलंच नाही. पण नोकरी देवाने त्याला नेमकी बडबडीची दिली होती.

सरकीतून तेल काढायला पेट्रोलसारखं सॉल्व्हंट लागतं. तेलाच्या कारखान्यात त्या सॉल्व्हंटच्या टाकीवर चढून, झाकण उघडून हिरालाल पितळी पट्टीने पातळी मोजायचा. त्या वाफेने भोवळ येते, म्हणून नियम असा, की वरच्याने सतत बोलायचं आणि खालच्याने ऐकायचं. खाली त्याचे जोडीदार नत्थूजी. हिरालाल वरून दिसेल ते सांगायचा. मालगाडी थांबली, कोणाचा कापूस वेचून झाला, केळझरच्या रस्त्यावर कोणाची वरात अडली. जरा थांबला की खालून हाक यायची, "बोल ना बे, हिरालाल! काऊन चूप झाला?" त्याचं गप्प होणं ज्याला खटकावं असा जगात तेवढा एकच माणूस होता.

गेल्या वर्षी टाकीवर काचेच्या तंतूचा सेन्सर बसला. केसाएवढ्या तंतूतून उजेड आत जातो, सॉल्व्हंटवर आपटून परततो आणि पातळी थेट पडद्यावर दिसते. टाकीत वीज नाही, ठिणगीची भीती नाही, कोणी चढायलाही नको. याला नावं ठेवणारा मूर्खच म्हणायचा. नत्थूजी पॅकिंगमध्ये गेले. हिरालाल पडद्यासमोर बसू लागला, आणि फार एकटा पडला बिचारा.

सेन्सर बिघडला तर पुन्हा दोघांनी मोजायचं ठरलं होतं. लेकाचा सेन्सर बिघडेचना. शेवटी एका दुपारी हिरालालने पडद्यामागचं तंतूचं टोक स्वतःच ढिलं केलं. पडदा कोरा झाला. नत्थूजींना बोलावणं गेलं.

वर चढून हिरालाल खुशीत बोलू लागला. मग हाक ऐकायची म्हणून, झाकणापासून तोंड वळवून, मुद्दाम गप्प झाला. हाक येईना. वाकून पाहिलं तर नत्थूजी पॅकिंगच्या दारातल्या सोबत्यांशी हसत बोलत होते.

"नत्थूजी!" शेवटी त्यानेच हाक मारली.

"हो हो, झालं का? लवकर उतरजो, तिकडे चहा थंडा होऊन राह्यला."

हिरालालने पातळी सांगितली, झाकण लावलं, खाली आला.

"तुमाले आता यायचं काम नाई पडनार," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने ते टोक घट्ट बसवलं.