तळ उठला न्हाई

तीर्थपुरीहून पुण्याची एसटी धरली तेव्हा आबा, माझे वडील, सोडायला आल्ते. गाडी हलायला लागली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "कोणी इचारलं तर पोरगा कामाला गेला म्हणीन. उठला म्हणणार न्हाई."

आम्हा मेंढपाळांत उठणं म्हणजे तळ हलवणं, बिऱ्हाड घोड्यावर टाकून पुढच्या रानाला लागणं. आमची तळाचीवाडी तळातूनच वसली. आज्याच्या काळात शेजारच्या मोठ्या गावातल्या एका शेतकऱ्यानं खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतली अन् कडेचा खडकाळ माळ राहायला दिला. आमचे लोक बसले ते बसलेच. मोठं गाव 'तळावरचे' म्हणून हिणवायचं. पुढं स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली, तेव्हा तालुक्याच्या साहेबांनी एखादं छानसं 'नगर' सुचवलं. म्हातारे अडून बसले, नाव तळाचंच पाहिजे. हिंमत लागते राव असं म्हणायला!

पंचायत केवढी म्हणाल, तर एक खोली अन् पुढं लिंब. मेंबर सगळे भावकीतले, त्यामुळं घरातलं भांडण बैठकीत अन् बैठकीतलं चुलीपाशी. तुम्ही गावातले हसाल, बाहेर पडलेलेही हसाल. पण नळाला बराबर पाणी येतं, शाळेत मास्तर टिकतो. मी चाकणला कंपनीत आहे. इथं सोसायटीच्या मीटिंगला कुणी फिरकत नाही, तेव्हा वाडीचा लई अभिमान वाटतो.

परवा आबांचा फोन आला. ग्रामसभा चालू होती, फोन सगळ्यांना ऐकू जात होता. गावठाणातली शेवटची मोकळी जागा कुणाला द्यायची, यावर गाडी अडली होती. एकीकडं माझं नाव, दुसरीकडं माळावर पाल ठोकून राहिलेलं एक परगावचं मेंढपाळ कुटुंब. सरपंच माझी चुलती. ती म्हणाली, जल्दी न्हाई, इचार करून सांग. तिला ठाऊक होतं, जागा सोडली की आबांच्या लेखी मी उठलो.

जीव तुटला माझा. तरी म्हणालो, "त्यांना बसू द्या."

मग आबांनी विचारलं, "मंग तू आला की राहशील कुठं?"

"तुमच्याजवळच की, आबा."

ते फोन बंद करायला विसरले. मला ऐकू येत होतं, सगळ्या सभेला मोठ्यानं सांगून राह्यले होते, "पोराला जागा कशाला लागती? त्याचं घर हाय ना इथं."