हिरोचं तोंड झाकलं आणि आण्णांचा सिनेमा गेला

मित्रांनो, ज्या सुपरहिरोसाठी मी तुमच्याशी भांडत आलो, त्याचा दुसरा भाग आज दुपारी बघितला. डोकं फिरलंय.

सोबत वडील होते. आण्णांनी लिंबायतला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, तीस वर्षं काढली. त्यात कान गेले, पण त्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखायची सवय लागली ती कायमची. पहिल्या भागात हिरोचा मुखवटा फक्त डोळ्यांपुरता होता. आण्णांनी घरी येऊन आईला अख्खी स्टोरी सांगितली होती.

या वेळी त्याला हनुवटीपर्यंत लोखंडी हेल्मेट चढवलंय. अडीच तास नुसते स्फोट. स्वतःची आई मरते तरी हा पठ्ठ्या हेल्मेट काढत नाही. मग रडतोय की हसतोय, मला तरी कुठं कळलं?

इंटरव्हलला आण्णा हळूच म्हणाले, "माले काहीच समजनं नही रे." पुढचा सगळा वेळ मी त्यांच्याकडे तोंड करून डायलॉग सांगत बसलो.

आता ते म्हणतायत, उद्या चष्म्याचा नंबर तपासून येऊ.

काय सांगू त्यांना?