नववं चाक

ट्रेलरला चाकं आठ होती आणि स्क्रीनवर आकडे नऊ दिसत होते.

नाशिकहून चेन्नईला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. ट्रेलर बांधणाऱ्या एका कंपनीत मी नवा इंजिनीअर होतो. आमच्याकडे दोन ट्रेलरवर चाचणी चालू होती. एकाच्या टायरमधली हवा कमी झाली की गाडीच्या कॉम्प्रेसरमधून ती आपोआप भरली जायची. दुसऱ्याच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर बुचासारखा सेन्सर होता. तो दाब आणि तापमान केबिनमधल्या स्क्रीनवर दाखवायचा, बाकी काही करायचा नाही. यातली कोणती पद्धत घ्यायची ते ठरवायला मी आळीपाळीने दोन्ही गाड्यांतून एन्नोर बंदरापर्यंत जायचो.

दुसऱ्या गाडीचे ड्रायव्हर पन्नाशीचे होते. मी त्यांना अण्णा म्हणायचो. मोडक्यातोडक्या हिंदीत आमचं छान जमायचं. पण वीजकेंद्राच्या राखेचं तळं आलं की ते खांद्यावरचा टॉवेल स्क्रीनवर टाकायचे. एके दुपारी मी तो उचलला. आठ आकड्यांखाली नववा. दाब एकशे दहा, तापमान सत्तर. भरधाव धावणाऱ्या टायरचं असतं तेवढं.

"हे कधीपासून?"

"रोज, सार. इथेच. पूल आला की जातं."

स्क्रीनची ही पेटी आधी एका जुन्या ट्रेलरसोबत होती, तिथल्या एखाद्या चाकाचा नंबर पुसायचा राहिला असेल, असं मी म्हणालो. अण्णांनी गाडी कडेला घेतली.

"तो ट्रेलर इथेच उलटला. चालवणारा माझा दोस्त. तो गेला. यार्डात सातच चाकं आली."

आठवं शोधायला आम्ही कडेच्या वेड्या बाभळींत शिरलो. चाक सावलीत पडलं होतं. रिम गंजलेली, टायर हातभर फाटलेला. मी हात लावून पाहिला. गार होतं. व्हॉल्व्हवरचा सेन्सर मात्र शाबूत. तो काढून केबिनमध्ये आणला.

फाटक्या टायरात हवा कुठली? आणि आता तर सेन्सर माझ्या तळहातावर उघडा होता. स्क्रीनवर एकशे दहाच. मग शंभर. नव्वद. कुणीतरी सावकाश हवा सोडत असावं तसा आकडा उतरत गेला. शून्य झाल्यावर पेटी एकदा वाजली आणि ती ओळ विझली.

अण्णांनी हात जोडले. "इतके दिवस त्याला वाटत असेल का, सार, गाडी चालूच आहे म्हणून?"

मी सेन्सर खिशात टाकला.

रिपोर्टमध्ये मी 'सदोष सेन्सर' असं लिहिलं. तसंच असेलही. अण्णांनी पहिली, आपोआप हवा भरणारी गाडी मागून घेतली. "ही नुसती फुसफुसते. सांगत काही नाही," ते म्हणाले. टायर जास्त टिकतात म्हणून कंपनीनेही शेवटी तीच पद्धत निवडली. एन्नोरच्या फेऱ्या मात्र मी दुसऱ्या इंजिनीअरकडे सोपवल्या. कुणी विचारलंच तर पाठ दुखते म्हणायचो.