पाहून लिहा म्हणणाऱ्या बाई

आमच्या मराठीच्या बाई माणसाकडे अशा पाहायच्या की समोरच्याचा हात नकळत स्वतःच्या चेहऱ्याकडे जायचा. काही लागलंय की काय, असं वाटायचं. शाळा सुटली की त्या फाटकाशी उभ्या राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत. आमच्या रोहणा गावात त्यांचं नावच ‘पाहत्या बाई’ पडलं होतं. आम्हाला त्यांची थोडी भीतीच वाटायची.

आठवीत त्यांनी ‘माझी आई’ हा निबंध दिला. आम्ही प्रेमळ, कष्टाळू, देवासारखी आई लिहून नेली. बाईंनी सगळ्या वह्या परत केल्या. वर्गात एवढ्या मुली आणि आई एकच कशी, असं म्हणाल्या. घरी जा, पाहा, मग लिहा.

संध्याकाळी मी चुलीपाशी आईसमोर बसले. कापूस वेचून तिच्या बोटांच्या कडा चिरल्या होत्या. भाकर थापताना ती ओठ आत ओढून घ्यायची. बाबांनी काही विचारलं की मान वळवून उजवा कान पुढे करायची. डावीकडून हाक मारली, तर थापतच राहायची. आई कामात असते म्हणून ओ देत नाही, असंच आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो.

मी ते जसंच्या तसं लिहिलं. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला नाही. रविवारी त्या घरी आल्या, आईच्या डाव्या बाजूला बसल्या आणि हळू आवाजात काही विचारलं. आई चहा गाळत राहिली. पुढे बाईच तिला वर्ध्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. कान काही सुधारला नाही. पण बाबा त्यानंतर आईच्या उजव्या हाताला येऊन बोलू लागले.

मागच्या दिवाळीत आर्वीच्या बसस्टँडवर बाई दिसल्या. निवृत्त झालेल्या, खूप वाळलेल्या. मला त्यांनी लगेच ओळखलं, शेजारी बसवलं. इथं कशा, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजात असताना त्या धाकट्या बहिणीला मामाकडे नेत होत्या. याच स्टँडवर गाडीची चौकशी करून वळल्या, तर बहीण बाकावर नव्हती. ती पुन्हा मिळालीच नाही.

“पोलीस ठाण्यात विचारलं, अंगात काय होतं, कुठं तीळ हाये का, दात कसे. मले काहीच सांगता नाई आलं. घरातलीच पोर, तिच्याकडे काय पाहाचं?”

अजून तिची वाट पाहता का, असं मी विचारलं.

“ती येईन असं नाई वाटत,” बाई म्हणाल्या. “पण आली, अन् मी ओळखलीच नाई तर?”

तेवढ्यात हिंगणघाटची गाडी लागली. बायका उतरू लागल्या. बाईंची नजर गाडीच्या दाराकडे वळली. त्यांच्यासोबत मीही एकेक चेहरा पाहू लागले. कसा चेहरा शोधायचा, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.