तानाबाई नावाचा पाना

"मले खरं सांग, तानाबाई कुठं हाये?"

"माही माय? आपल्या गावी. म्हशीले पेंड चारून राह्यली असन."

"तुया मायचं नाई इचारत! पाना इचारून राह्यलो!"

"मंग पाना म्हना ना. सकायच्या पारी सासूचं नाव घेऊन कायले वरडता?"

देवळीच्या मोटारस्टँडमागे तानबाचं टिनाचं शेड होतं आणि शेडला लागूनच घर. त्यामुळे छप्पन सालच्या त्या हिवाळी सकाळी नवरा-बायकोचं हे भांडण अर्ध्या स्टँडला फुकटात ऐकू येत होतं. वर्ध्याला निघालेल्या मोटारीतली माणसं सुद्धा खिडकीतून माना काढून बसली होती.

तानबा लढाईच्या काळात नागपूरला मिलिटरीच्या गाड्या धुवायला होता. परतताना लोकांनी कांबळी आणली, याने एक पाना आणला. सुताराच्या गिरमिटासारखा वाकडा दांडा, वर लाकडी मूठ, तोंडाला वाटीसारखी पोकळ गोटी. गोटी नटावर बसवायची, एका हाताने मूठ दाबायची आणि दुसऱ्याने दांडा गरगर फिरवायचा. नट आधी साध्या पान्याने ढिला करून घेतला, की हा दोन श्वासांत बाहेर काढतो. तानबाला त्याचं वेडच लागलं. कबाड्याकडून, लिलावातून, मोडक्या ट्रकच्या सीटखालून त्याने जमवत एकूण अकरा केले आणि भिंतीवर खिळ्यांना टांगले. एकेकाचं बारसंही केलं. एकदा पकडलं की न सोडणारा तो सदाशिवराव, कारण जुने हेडमास्तर तसेच होते. गुमान फिरणारी ती भागीरथा. आणि सर्वांत लांब दांड्याची, दर फेऱ्याला कुरकुरणारी ती तानाबाई. सासूबाईंचं नाव.

शेडच्या दारावर त्याने रंगाने लिहून ठेवलं होतं: 'पाना मागू नये. पान्यासोबत मालक येईल.' कुणी पाना न्यायला आलं, की तानबा चपला घालून पान्याबरोबर निघायचा.

चूक झाली ती खंडेनवमीला. सगळ्या पान्यांना गंध-फूल वाहिल्यावर त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने, तानाबाईपुढे खण आणि नारळ ठेवला. "माह्या माहेरचं मानूस हाये. ओटी भराव लागते." तानबा पोट धरून हसला. हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तानाबाई चुलीपाशी गेली. मनकर्णाबाईने रवीचा दांडा तासून गोटीत पक्का बसवला आणि लोणी असं भराभर यायला लागलं, की गल्लीतल्या बाया आपापली मडकी घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. त्या लोण्याने तानबाचं पोट मात्र दिवाळीपर्यंत सदऱ्याच्या बाहेर आलं.

"म्हंजे तू अजून ताक घुसळून राह्यली तिच्यानं?"

"मंग का पूजा करू?"

"अवं, मोतीलाल शेठच्या जिनिंगचं इंजिन बंद पडलं! भिंतीकडचे नट तिच्याबिगर निंगत नाईत. शेठनं वर्ध्याहून श्रीधर मिस्त्रीले बलावलं, बाराच्या मोटारीनं येते. त्याच्या हातून इंजिन चालू झालं, का जिनिंगचं काम गेलं माह्या हातचं. जलमभराचं!"

मनकर्णाबाईने गोटीतून रवी उपसली, गोटी राखेने घासली आणि पदर खोचला.

"चाला."

"तू कुठं?"

"वाचता येते ना तुमाले? दारावर का लिवलं हाये?"

इंजिनघराच्या दारात मोतीलाल शेठ आडवा झाला. "अरे तानबा, इंजिनघरमें बाईमाणूस नाही चालत!"

"शेठ, ते बाई नाई, पान्याची मालकीन हाये," तानबा खाली मान घालून म्हणाला. शेठने एकदा बाहेर उभ्या, कपाशीने भरलेल्या बैलबंड्यांकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

इंजिनाच्या डोक्याचं झाकण बारा नटांनी आवळलेलं. आतलं पॅकिंग जळलं होतं. अलीकडचे सहा नट तानबाने भागीरथेने काढले. पलीकडच्या सहांसाठी भिंत आणि इंजिन यांच्या फटीत शिरायचं होतं. गेल्या वर्षी तो शिरला होता. यंदा पोट आत शिरेना.

"श्वास सोडा," मनकर्णाबाई म्हणाली.

"सोडला."

"मंग पोट कोनाचं हाये हे?"

"तुयाच लोन्याचं हाये!"

झाकणावरून ओणवं होऊन त्याने साध्या पान्याने सहाही नट ढिले केले. पण गरगर फिरवायला कोपर हलेना. तेवढ्यात काष्टा आवळून मनकर्णाबाई फटीत शिरली. गोटी नटावर बसवली, मूठ दाबली आणि घुसळायला लागली. कुर्र-कुर्र-कुर्र. पहिला नट पदरात पडला.

"हळू, व! नटाचे आटे जातीन!"

"लोनी फाटू देत नाई मी. आटे काऊन जातीन?"

सहाही नट निघाले. तानबाने झाकण उचललं, नवं पॅकिंग बसवलं, झाकण ठेवलं. तिने नट परत चढवले, शेवटची आवळणी त्याने केली. चाक फिरवलं. इंजिन दोनदा शिंकलं आणि धाडधाड सुरू झालं. त्याच वेळी स्टँडवर बाराच्या मोटारीचा भोंगा वाजला.

"वा तानबा!" शेठ म्हणाला. "श्रीधरला चहा पाजून वापस पाठवतो. जिनिंगचं काम तुझंच." मग त्याने मिशीत हसून विचारलं, "लेकिन पुढच्या वेळी बुलावा कुणाला पाठवू? तुला का बाईला?"

तानबाने तेलाने भरलेला हात पुढे केला. "शेठ, मजाक नोका करू. पाना माहा, काम माहं. " मग तो बायकोकडे वळला. "दे व तानाबाई इकडं. अकरा खिये हायेत भिंतीवर, एक रिकामा दिसते. ऐकू येऊन राह्यलं का? घरी नेऊन ताकात घालशीन का आता परत?"

मनकर्णाबाईने पदराने गोटी पुसली, रवी नीट बसेल ना हे आत डोकावून पाहिलं, तानाबाई खांद्यावर टाकली आणि बंड्यांमधून वाट काढत घराकडे चालू लागली.