ड्रॉइंगचा फोल्डर

"उभ्यानंच कर. खुर्चीत बसायचं नाही."

चाकणच्या कंपनीत क्वालिटीचे साहेब मला असं म्हणाले. त्यांची रिकामी खुर्ची माझ्या कमरेला लागत होती, आणि मी वाकून त्यांचा कीबोर्ड बडवत होते. तीन वर्षं मी तिथं कॉन्ट्रॅक्टवर कॉम्प्युटर सांभाळत होते. साहेबांना माझं नाव माहीत नव्हतं. 'ए कॉन्ट्रॅक्ट', अशी हाक.

सर्व्हरवरचा ड्रॉइंगचा फोल्डर सकाळपासून कुणालाच उघडत नव्हता. परवानगी नाही, एवढंच येई. उत्पादनाची लाइन थांबलेली. या पोरीनंच काहीतरी करून ठेवलंय, असं साहेब येईल त्याला सांगत होते.

मी परवानग्यांची यादी उघडली. कॉन्ट्रॅक्टच्या माणसांनी ड्रॉइंग बघू नये म्हणून मनाई लावलेली. पण ती आमच्या गटाऐवजी 'सगळे' या गटावर लागली होती. मनाई लागली की आधी दिलेली परवानगी सर्व्हर मानत नाही. सगळ्यांत साहेबही आले. लावणाऱ्याचं नाव नोंदीत होतं. साहेबांचंच.

मनाई काढली, फोल्डर उघडला. नोंद मी साहेबांना हळूच दाखवली. चारचौघांत त्यांची लाज जाऊ नये, असं वाटलं मला. काय येडी होते मी! तेवढ्यात प्लँटचे मोठे साहेब आले.

"कॉन्ट्रॅक्टची चूक होती सर," क्वालिटीचे साहेब त्यांना म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "सॉरी म्हण गं, आणि तसं लिहून दे."

आधी म्हटलंय मी सॉरी. प्रिंटर अडकला तरी, लाइट गेली तरी. त्या दिवशीही तोंडात आलंच होतं. मी आजूबाजूला बघितलं. सगळे स्क्रीनमध्ये तोंड घालून बसलेले. दिघीला भाड्याच्या खोलीत एकटी तापानं पडले होते, तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"चूक माझी नाही. सॉरी म्हणणार नाही."

खुर्ची ओढली. बसले. मनाई कुणी लावली, कधी लावली, कशावर लावली, सगळं तक्रारीच्या नोंदीत लिहिलं. खाली माझं नाव, बापाच्या नावासकट. पाठवून दिलं.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. ताई, लिहिलेलं मागं घ्या, नाहीतर उद्यापासून गेट पास बंद. मी घेतलं नाही. पास बंद झाला. तिथल्या एकाचाही फोन आला नाही. रडले, खोटं कशाला सांगू.

आता दुसरीकडं काम बघतेय. जिथं जाईन तिथं आधी नाव सांगीन. मग खुर्ची मागीन. बसल्याशिवाय कीबोर्डला हात लावणार नाही.