एका नंबरावर दोन नावं

सावेडीहून निघतानाच मी वैतागले होते. एका यादीसाठी बेलापूरपर्यंत पळायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. ज्यांचा कॉम्प्युटर मी सांभाळते त्या पाणीवापर संस्थेच्या ऑफिसात पोचले तर दारात चपलांचा ढीग, आत पंधरा-वीस शेतकरी, आणि कोपऱ्यात पाटकरी उभा. पाटाचं पाणी पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या शेतात सोडायचं, हे त्याचं काम. वीस वर्षं तो हेच करत होता. त्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

पाळ्यांच्या यादीतून सहा शेतकऱ्यांची नावं उडाली होती. सहाही जण याच हंगामात सभासद झालेले. पाटकऱ्याने यादी बघून पाणी सोडलं आणि त्यांचा कांदा कोरडा राहिला. यादीची ही फाइल कोणी तयार केली, असं कॉम्प्युटरला विचारलं की नाव यायचं पाटकऱ्याचंच.

"मशीनच सांगतंय, मॅडम," चेअरमन म्हणाले. "तुमी फक्त खात्री करा. कागद तयार हाय."

कागद म्हणजे पाटकऱ्याचा राजीनामा. खाली सहीसुद्धा झालेली. माझं डोकंच फिरलं.

"सही कशाला केलीत?" मी पाटकऱ्याला विचारलं.

"मशीन कशाला खोटं बोलंल, ताई? मीच कायतरी दाबलं आसंल. आता दिसतंय बी कमी."

मी खुर्ची ओढली. पाळ्यांचा प्रोग्रॅम जुना, युनिक्सवर चालणारा. तो विंडोजवर चालावा म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच मध्ये युनिक्ससारखं वातावरण बसवून दिलं होतं. विंडोज प्रत्येक माणसाला एका लांबलचक ओळखीने ओळखतं, हे वातावरण ओळखतं छोट्या नंबराने. कोणती ओळख म्हणजे कोणता नंबर, याचा तक्ता असतो. तो मी हाताने लिहिला होता, आणि त्याचा मला अभिमानही होता.

आधी विंडोजच्याच खिडकीत फाइलचा मालक बघितला. ॲडमिनिस्ट्रेटर. इकडे, मी बसवलेल्या वातावरणात, पाटकरी. फाइल तीच.

तक्ता उघडला. पाटकऱ्याची ओळ, तिच्याखाली ॲडमिनिस्ट्रेटरची. दोघांचा नंबर १००३. वरची ओळ कॉपी करून मी नाव बदललं होतं, ओळख बदलली होती, नंबर तेवढा राहून गेला होता. आणि एका नंबरावर दोन नावं असली की सिस्टीम वरचं नाव सांगून मोकळी होते. तीन वर्षं ॲडमिनिस्ट्रेटरने केलेलं सगळं या माणसाच्या नावावर चढत होतं.

ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला होता. कोणाचं काम अडू नये, ही तिथली पद्धत. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. कोणीही असू शकेल की! मग मी फाइलची वेळ बघितली. मंगळवार, सकाळी सव्वाअकरा.

मंगळवारी सव्वाअकराला या खुर्चीवर मी बसले होते. बिघडलेला प्रोग्रॅम बॅकअपवरून परत बसवत होते. गेल्या हंगामाची यादी मीच नव्या यादीवर टाकली होती.

"झालं का मॅडम?" चेअरमननी विचारलं.

खोलीत तक्ता वाचता येणारी एकटी मीच होते. नंबर गुपचूप दुरुस्त करून चहा पिऊन निघता आलं असतं. तसा विचार माझ्या मनात आला आणि मला स्वतःची शिसारी आली.

"यादी मी उडवली," मी म्हणाले. "मंगळवारी. आणि यांचं नाव दिसतंय तेही माझ्याच चुकीमुळे."

मग एकच गलका झाला. कांदा गेलेल्यांपैकी एकजण अंगावरच आला, दुसऱ्याने त्याला धरलं. सगळ्यांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. गर्दीतून वाट काढत पाटकरी टेबलापाशी आला आणि वाकून त्या दोन ओळींकडे बघत राहिला.

"म्हंजे ताई," तो म्हणाला, "ते मी न्हाई केलं?"

"नाही, काका."

त्याने मान हलवली, कागदावरच्या आपल्या सहीकडे बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं.